भोक नसलेली ट्यूब

मुलाच्या नव्या गाडीत चाकांतली हवा आकड्यांत दिसते. चार चाकं, चार आकडे. त्याची आई गेल्याला महिना उलटला. तिनं धुळ्याच्या मैत्रिणीसाठी बाजूला काढून ठेवलेल्या साड्या पोचवायला आम्ही बाप-लेक जळगावहून निघालो. एरंडोल मागे पडलं तेव्हा चारांतला एक आकडा पिवळा झाला आणि गाडीनं बारीक आवाजात तक्रार केली.

"काही नाही, बाबा. सेन्सरच गेला असेल," मुलगा म्हणाला आणि तसाच पुढे हाकत राहिला.

सेन्सर गेलेला नव्हता. पारोळ्याच्या अलीकडे एका दुकानात चाकातून स्क्रू निघाला. दुकानदारानं चाक न काढताच भोकात रबराची चिकट वात खुपसली, बाहेर राहिलेला शेंडा कापला आणि पैसे सांगितले. मुलानं फोन पुढे धरून ते दिले. किती, कशाचे, हे विचारलंसुद्धा नाही. मी गाडीतच बसून होतो. ती असती तर हा व्यवहार इतक्या लवकर संपला नसता, एवढंच मनात आलं.

ती पंक्चरवाल्यांवर विश्वास ठेवत नसे. तिचं माहेर कापूस पिकवणारं. कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गाडी नेली की वजनात काटा कसा मारतात, हे तिनं परकर नेसायच्या वयात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून जिथे पैसे द्यायचे तिथे डोळा लावून उभं राहायची तिला सवय लागली होती. आमच्या मेहरूणमधल्या पंक्चरवाल्याकडे एक पंक्चर घेऊन गेलं की तीन निघत. तो बोटांच्या बेचक्यात टाचणी धरतो आणि ट्यूब चाचपता चाचपता दोन भोकं आपल्या पदरची पाडतो, असं तिचं ठाम मत होतं. मी पुस्तकं सांभाळणारा माणूस. जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. मी पैसे देऊन मोकळा झालो असतो. ती मात्र स्कूटरवरून उतरली की पाण्याच्या घमेल्याजवळ उकिडवी बसायची आणि म्हणायची, "आधी हात दाखवा. मग बुडबुडा दाखवा."

तो हात पुढे करायचा. "वहिनी, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या. जिल्ह्यात चोरी राहिली नसती."

"तुम्ही दुकान बंद केलं तरी अर्धी कमी होईल."

तो हसायचा, पण एका पंक्चरचेच पैसे घ्यायचा.

मग एकदा बाजारात उभ्या स्कूटरची स्टेपनी कोणीतरी काढून नेली. त्या काळी हे नेहमीचं होतं, लोक स्टेपनीला साखळी-कुलूप घालत. आठवडाभरानं हाच पंक्चरवाला म्हणाला, "जुनी स्टेपनी आलीय एक, स्वस्तात देतो." तिनं ते चाक उलटंसुलटं करून पाहिलं. आमच्या रिमवर एक ओरखडा होता, तो तिथे नव्हता. पण तिथे ताजा रंग होता. ती म्हणाली, "आपलंच चाक आपण विकत घ्यायचं नाही." मी म्हणालो, "आपलंच आहे कशावरून?" "नाही कशावरून?" स्टेपनी घेतली नाही. नवी घेणं परवडत नव्हतं. पुढे जे झालं ते स्टेपनी नसल्यामुळे झालं, म्हणून हे सांगितलं.

हे ऐंशीच्या दशकातलं. लग्नाला दोन-अडीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि माझे वडील. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही. आई आधीच गेलेली. नानांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली होती. गवताखाली काय दडवलंय, पोत्यात काय आहे, माणूस नजर का चुकवतोय, हे पाहण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्त झाल्यावर तीच नजर घराकडे वळली होती.

तिनं बी.एड. केलं होतं. बरेच अर्ज करून झाल्यावर धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेतून नेमणुकीचा कागद आला. ठरलेल्या दिवशी शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तिनं तो कागद देवापुढे ठेवला आणि मग नानांना दाखवला.

"नवरा जळगावात, बायको धुळ्यात," नाना म्हणाले. "मंग लगन कशाले केलं? टपालानं राहाले?"

"शनिवारी येत जाईन, नाना."

"आन बाकीचे दिवस आम्ही दोघं गडी भाकरी कोनाच्या हातची खाऊ?"

"तुम्ही शिकवलं तर तुमच्या मुलाच्या हातची," ती म्हणाली.

नाना माझ्याकडे पाहत राहिले. मी विरोध केला नाही. होही फार मोठ्यानं म्हणालो नाही. मला वाटत होतं की गप्प राहणं म्हणजे होकार, आणि तो तिला कळला असेल. पण गप्प माणसाचं गप्प बसणं ज्याला जसं हवं तसं वाचता येतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आठवडाभर घरात कोणी कोणाला काही विचारलं नाही. ती ट्रंक भरत होती. नाना ओट्यावर बसून, ती काय भरते ते जकात नाक्यावरच्यासारखं पाहत होते.

हजर व्हायचा दिवस उजाडला. झुंजुमुंजू असताना माझी झोप चाळवली होती. बाहेरून आवाज येत होता. फुस्स, फुस्स, मध्ये थोडा थांबून पुन्हा फुस्स. शेजारीण स्टोव्हला पंप मारतेय, असं झोपेत वाटलं आणि मी कूस वळवली.

न्याहारी करून निघालो. पुढे ट्रंक पायांत, मागे ती, तिच्या मांडीवर पिशवी. नाना दारात आले. ती पाया पडली. ते म्हणाले, "सावकाश जा." एवढंच. एरंडोलपर्यंत ठीक होतं. त्यानंतर स्कूटर मागून हलायला लागली, जणू कोणी शेपूट धरून डावी-उजवीकडे ओढतंय. उतरून पाहिलं तर मागचं चाक पार बसलेलं.

फाट्यावर निंबाखाली एक दुकान होतं, तिथपर्यंत ढकलत नेली. झाडाला जुने टायर टांगलेले, खाली कापलेल्या पिंपात पाणी. दुकानदार माझ्याच वयाचा होता.

"कथा जाई राहिनात, भाऊ?"

"धुळ्याला. जरा घाई आहे."

घाई हा शब्द उच्चारल्याबद्दल तिनं मला कोपरानं ढोसलं. घाई कळली की भाव चढतो. मग ती पिंपाजवळ जाऊन बसली. "आधी हात दाखवा."

तो चकित झाला, पण त्यानं दोन्ही पंजे पुढे केले. "पाही ल्या, अक्का. हात काळा शेत, पन साफ शेत."

त्यानं चाक काढलं, रिमचे दोन भाग वेगळे केले, ट्यूब ओढून बाहेर घेतली. हवा भरून ती पिंपात बुडवली आणि थोडी थोडी फिरवत गेला. ती नाक पाण्याला टेकेल इतकी वाकली होती. ट्यूब एक फेरा फिरली. पाणी शांत.

"पुन्हा फिरवा."

पुन्हा फिरवली. आता तो हातानं ट्यूब ताणून ताणून दाखवत होता. कुठेच काही नाही.

"अक्का, पंक्चर नई शे. बठ्ठी ट्यूब पाही लिधी."

"असं कसं? मग हवा गेली कुठे?"

"आते ते मी काय सांगू? कोनी तरी सोडी दिधी व्हई. पोरंसोरं करतस असं."

"आमच्या घरात पोरंसोरं नाहीत," ती म्हणाली.

ती तीन पंक्चर सांगणाऱ्याशी भांडायची तयारी करून बसली होती, आणि समोरचा एकही नाही म्हणत होता. त्याला खोटं बोलून पैसे मिळणार होते. खरं बोलून काही मिळणार नव्हतं. म्हणजे तो खरंच बोलत असणार. हा हिशेब तिच्या डोक्यात पुरा होताना मी पाहिला. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

नेमका त्याच क्षणी मला पहाटेचा तो आवाज आठवला. फुस्स, फुस्स. आणि त्यापाठोपाठ हेही आठवलं, की शेजारणीकडे तर मागच्या दिवाळीतच गॅस आला होता. तिचा स्टोव्ह केव्हाच माळ्यावर गेला होता. आवाज आमच्याच अंगणातून येत होता. अंगणात स्कूटर होती. आणि त्या वेळी घरात उठलेलं एकच माणूस असायचं.

माझा चेहरा पडला असणार.

"काय झालं?"

"काही नाही."

"तुम्हाला काही माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणालो आणि निंबावर टांगलेले टायर पाहू लागलो. बाप आपल्या सुनेच्या वाटेत असा आडवा येतो, हे रस्त्याच्या कडेला, परक्या माणसासमोर, तिला सांगायला माझी जीभ उचलेना. तिनं माझ्या चेहऱ्यावर जे वाचलं ते निराळं होतं. तिनं पिशवीतून नेमणुकीचा कागद काढून पदराखाली घेतला आणि ती उठली.

"तू कुठे चाललीस?"

"एस.टी.ला हात करते."

"होईलच आता, हवा भरली की निघू."

"हवा भराल. पुढे पुन्हा सुटली तर?" ती म्हणाली. "ट्रंक तुम्ही आणा. यायचं असलं तर."

पहिली गाडी थांबली नाही. दुसरी थांबली. ती चढली आणि मागे न बघता आत गेली. शाळा सुटायला अजून वेळ होता, ती पोचणार होती, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुकानदारानं चाक जोडलं, हवा भरली, पान्याचा ठोका मारून आवाज ऐकला. मग बोटाला थुंकी लावून ती वॉल्व्हच्या तोंडावर ठेवली आणि गप्प बसून राहिला. मीही वाकलो. थुंकीचा एक लहानसा फुगा हळूहळू वर आला, मोठा झाला, फुटला. पुन्हा दुसरा.

"सापडनं, भाऊ! पिन खराब शे. ट्यूब बाहेर व्हती तवय हवा कमी, म्हनून समजनं नई. पिन बदली देऊ?"

"नको!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की तो दचकला. "नका बदलू. ही तशीच राहू द्या."

"अहो, हवा जाई ना."

"जाऊ द्या. मला हा बुडबुडा हिला दाखवायचाय."

तो माझ्याकडे बघून हसत सुटला. "लोके बायकोले दागिना दखाडतस. तुम्ही वालना बुडबुडा दखाडाले जाई राहिनात!"

मला हसू आलं नाही. मला वाटत होतं, हातात पुरावा आलाय. पिन बदलली तर पुरावा गेला. जिचा पाण्यातल्या बुडबुड्याशिवाय कशावर विश्वास नाही, तिला बुडबुडाच दाखवायला हवा. तसंच, हा फुगा पाहून माझ्याही मनावरचं ओझं निम्मं उतरलं होतं; पिन गळत असेल तर नानांनी काही केलं नव्हतं. निम्मंच उतरलं, कारण तो पहाटेचा आवाज कसला होता, हे काही त्या पिनेनं सांगितलं नव्हतं. आणि पिन आपोआप खराब झाली, की कोणी काही खुपसून केली?

दुकानदारानं फक्त चाक खोलल्याचे पैसे घेतले. "पंक्चर काढं नई ते पंक्चरना पैसा कसाना?" मी जादा देऊ लागलो तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी ते परत खिशात घातले.

हवा गच्च भरून निघालो. पारोळ्यात थांबून भरली. तिथला म्हणाला, पिन बदला. मी नको म्हणालो. मुकटीला भरली. तिथल्यानं मला कंजूष ठरवून शेजाऱ्याला ऐकू जाईल असं काहीतरी म्हटलं. मी प्रत्येक ठिकाणी वॉल्व्हवर थुंकी लावून पाहत होतो, आणि फुगा आला की निश्चिंत होत होतो. हवा गळतेय म्हणून आनंदानं गाडी हाकणारा माणूस त्या रस्त्यावर दुसरा झाला नसेल.

फागण्याला पोचलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. हवा भरायला सांगून मी समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो. परत आलो तर चाक गच्च, दुकानदार खूश.

"वाल गळत होता, भाऊ. नवी पिन टाकून दिली."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"सांगाले कशाले पाहिजे? गळतो त बदलाचाच."

"जुनी कुठंय?"

त्यानं दुकानासमोरच्या गटाराकडे बोट केलं. मी तिथे काडीनं चाचपत बराच वेळ काढला. काळ्या पाण्यात काय सापडणार? मागे तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणत होता, "त्यायची पिन सोन्याची व्हती वाटते."

धुळ्यात तिच्या मैत्रिणीच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ती ओसरीवर बसली होती. हजर झाली होती. शाळा सुटायच्या थोडंच आधी मोठ्या बाईंच्या टेबलावर कागद ठेवला होता. मी ट्रंक खाली ठेवली आणि निंबाखालच्या बुडबुड्यापासून फागण्याच्या गटारापर्यंत सगळं सांगितलं. पहाटेच्या आवाजाचं सोडून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून स्कूटरजवळ गेली, वाकली, वॉल्व्हची टोपी काढून आत बघितलं.

"पिन नवी दिसते."

"तेच तर सांगतोय."

"हवा सोडायची तर पिनच काढावी लागते ना?"

"काढली तरी सुटते, दाबली तरी सुटते. पण ही गळत होती."

"आणि काढलेली हरवली तर नवी घालावी लागते," ती म्हणाली. तिनं टोपी परत लावली, नीट आवळली. "चहा घ्या आधी. दमून आलाय."

तिनं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला परतलो. नाना दारात होते. "झाली का रुजू?" "झाली." "गाडीनं काही तरास?" हे त्यांनी का विचारलं? बाहेरगावी जाऊन आलेल्या माणसाला कोणीही विचारतं. पण माझ्या कानाला ते तसं लागलं नाही. "नाही," मी म्हणालो. "काहीच नाही?" "नाही." ते माझ्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे. भाकरी थापायला मी त्याच संध्याकाळी शिकलो. नानांना माझी भाकरी पहिल्या दिवसापासून आवडली नाही आणि त्यांनी ती एकदाही टाकली नाही.

पुढचे शनिवार कधी ती आली, कधी मी एस.टी.नं गेलो. ती शाळेतल्या गमती सांगे, मी ग्रंथालयातल्या. वरवर सगळं ठीक होतं. पण मी काही सांगितलं की ती पूर्वी नुसती ऐकायची, आता ऐकून झाल्यावर एक क्षण थांबायची. त्या एका क्षणात ती माझं वाक्य पाण्यात बुडवून फिरवते आहे, असं मला वाटे. पाऊसकाळ सरत आला तेव्हा मला ते सहन होईना. धुळ्याला तिच्या खोलीत बसून मी तिला पहाटेचा आवाज सांगितला.

तिनं तपासायच्या वह्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"नाना आहेत ते माझे."

"आणि मी?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. एवढंच म्हणाली, "दिवाळीला विचारते त्यांना."

"नको. वाद होतील."

"वाद कसले? विचारायचं."

मी दिवाळीची वाट पाहत नव्हतो. ती मात्र पाडव्याच्या दिवशी नानांना ओवाळून झाल्यावर, ताट हातात तसंच धरून म्हणाली, "नाना, एक विचारू? मी रुजू व्हायला निघाले त्या पहाटे तुम्ही स्कूटरपाशी होतात का?"

मी पाटावर होतो. उठावं की बसावं कळेना.

नानांनी कपाळावरचं कुंकू बोटानं सारखं केलं. "व्हतो."

"हवा सोडत होतात?"

"भरत व्हतो."

"भरत होतात की सोडत?"

नानांनी घरातल्या घरात इकडे-तिकडे पाहिलं, जणू नाक्यावर आज त्यांचीच गाडी अडवली होती. मग म्हणाले, "खरं सांगू का, सूनबाई? सोडालेच गेलतो. हातात खिळा व्हता. वॉल्व्ह दाबाचा आन यायचं निघून. पाहतो त चाक आधीच बसेल व्हतं."

"आधीच?"

"पार टेकेल व्हतं. मले वाटलं, हे यानंच केलं." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "रात्रीतून उठला अशीन आन सोडली अशीन. असा संताप आला मले! बायकोले जाऊ द्यायचं नशीन त तोंडानं सांग. मी सांगितलं का नाही तोंडावर? चोरासारखं काय करायचं? म्हनलं, याचं काही चालू द्यायचं नाही. मंग खिळा टाकला, सायकलचा पंप आनला आन गच्च भरून ठेवली."

मी म्हणालो, "नाना, मी काहीच केलं नव्हतं! पिन गळत होती. रात्रभरात हवा गेली असेल, म्हणून तुम्हाला चाक बसलेलं दिसलं."

"अशीन," नाना म्हणाले.

"असेल," तीही म्हणाली.

आणि मग ते दोघं हसायला लागले. आधी ती, ओवाळणीचं ताट हलेपर्यंत. मग नाना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कालपर्यंत एकमेकांच्या वाऱ्याला उभी न राहणारी ती दोन माणसं माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी पाटावर बसून शपथा घेत होतो. त्या दिवसापासून त्या दोघांचं जमलं. धुळ्याला जाताना नाना तिच्याबरोबर लोणचं द्यायचे, आणि तिच्या शाळेत कोण कसं वागतं त्याची चौकशी अशी करायचे की सगळ्या शिक्षिकांची पोती त्यांनी उघडून पाहिली आहेत.

माझं काय ते राहूनच गेलं. चाक आधीच बसलेलं होतं, याचा अर्थ पिन गळत होती. पण त्याचा दुसराही अर्थ निघत होता, आणि तो नानांनीच काढून दाखवला होता. दोघांनी तो पुन्हा उच्चारला नाही. मीही स्वतःहून विषय काढला नाही. एकदा-दोनदा ओठांवर आलं. पण निर्दोष माणसानं किती वेळा सांगावं? जास्त सांगितलं की तेही वाईट दिसतं.

ती धुळ्यात बरीच वर्षं राहिली. मूल झालं, ते पहिली काही वर्षं तिच्याजवळ वाढलं. नाना गेले. नव्वदच्या दशकात तिला जळगावच्या शाळेत जागा मिळाली आणि आम्ही तिची खोली रिकामी करायला गेलो. सामान बांधून झालं होतं. टेम्पो यायचा होता. रिकाम्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो, बसायलाही काही राहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "पहिलं वर्ष फार कठीण गेलं इथे. तुम्हाला कधी बोलले नाही. मुली ऐकत नसत, खोलीवर आलं की भिंती अंगावर येत. कितीदा वाटलं, सोडावं आणि यावं परत."

"मग आली का नाहीस?"

"ते बसलेलं चाक आठवायचं. तुम्ही हवा सोडली असणार असं मनाशी धरायचे, आणि असा राग यायचा, की उठून केस विंचरायचे आणि शाळेत जायचे."

इतक्या वर्षांनी विषय तिनंच काढला होता. मी म्हणालो, "पण मी सोडली नव्हती. खरंच नव्हती."

"माहीत आहे."

"माहीत आहे? केव्हापासून?"

"नानांनी सांगितलं तेव्हापासून. तुम्ही पाटावर बसून जे रडकुंडीला आला होतात, तसं खोटं तुम्हाला येत नाही."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मी..."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. ती खिडकीशी जाऊन वाकून बघू लागली.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मग राग कोणाचा करायचा? आणि राग नसता तर मी त्या पहिल्याच माघात राजीनामा दिला असता."

तिनं टेम्पोवाल्याला वर यायची खूण केली, आणि आधी पलंग उचला, मग कपाट, असं सांगायला ती जिन्याकडे गेली.